डॉली धरणारी

माणिकरावांकडे विमान बांधायची हत्यारं आहेत हे मलकापुरात फार थोड्यांना ठाऊक होतं, आणि ज्यांना ठाऊक होतं त्यांनी ती गोष्ट कधीच चेष्टेवारी नेली होती. म्हणून त्या रविवारी फोनवरच्या पोरानं अगदी अदबीनं, "सर, तुमच्याकडे रिव्हेट मारायचा पूर्ण सेट आहे असं आमच्या फ्लाइंग क्लबात कळलं. विकायचा आहे का?" असं विचारलं, तेव्हा म्हातारा खुर्चीतून उठून उभाच राहिला. मोबाइल धरलेला हात थरथरत होता. पण तो हल्ली नेहमीच थरथरायचा.

त्यांची मुलगी महामाया पलीकडे कपड्यांच्या घड्या घालत होती. ती गावातल्या एका आयटीआयमध्ये शीट मेटलची कंत्राटी निदेशक होती, आणि घरी रविवारच तेवढा तिच्या वाट्याला यायचा.

"कोन होतं, बाबा?"

"हाय एक पोट्टं. इमान बांधून राह्यलं म्हने. पत्रे, ढाचा, समदे डबे बाहेरदेशातून आले त्याचे. हत्यारं नाहीत. आपली पाह्यले येतो म्हनते."

"इकायची हायेत काय आपल्याले?"

"पाहू तं दे त्याले," माणिकराव म्हणाले. "पाह्यल्यानं झिजतात काय?"

माणिकराव एअर फोर्समध्ये एअरफ्रेम फिटर होते. इंजिन दुसऱ्यांचं, विमानाचं अंग यांचं. चाळिशीत निवृत्त होऊन मलकापुरात घर केलं ते डोक्यात एकच गोष्ट घेऊन: दोन माणसं बसतील एवढं विमान आपल्या हातानं, आपल्या घरी बांधायचं. नकाशे परदेशातून टपालानं मागवले. हत्यारं बंगलोरच्या एका म्हाताऱ्या इंजिनिअरकडून घेतली, सगळीच्या सगळी. त्यापायी घरावर पडायचा स्लॅब पडला नाही, टिनं तशीच राहिली. महामायाची आई होती तोवर उन्हाळ्यात त्या टिनांखाली भाकरी थापताना घरामागच्या शेडकडे बघून दोन शब्द सुनावल्याशिवाय राहायची नाही.

रिव्हेट मारणं एकट्याचं काम नाही. पत्र्याच्या एका बाजूनं हवेवर चालणारी गन रिव्हेटच्या डोक्यावर ठोके देते, आणि दुसऱ्या बाजूनं कुणीतरी पोलादाचा जड ठोकळा रिव्हेटच्या शेपटाला टेकवून धरावा लागतो. ठोके पडतात तसं ते शेपूट ठोकळ्यावर दबून बसकं होतं आणि दोन पत्रे जन्माचे जोडले जातात. त्या ठोकळ्याला माणिकराव डॉली म्हणायचे. गन धरणारा बाहेर असतो, उजेडात. डॉली धरणारा आत.

तेव्हा महामाया शाळेत होती; आत जायला तिचा हात बारीक होता. विमानाच्या शेपटीकडच्या निमुळत्या पोकळीत ती पालथी सरकत जायची आणि बाप सांगेल त्या रिव्हेटला डॉली टेकवायची. तिच्या मुठीत बसेल अशी एक छोटी, काटकोनी डॉली माणिकरावांनी खास घासून केली होती. गन सुरू झाली की त्या पत्र्याच्या पिंपात आवाज असा कोंडायचा की दात हलल्यासारखे व्हायचे. आवाज अडवायला कानांवर लावायच्या जाड वाट्यांची घरात एकच जोडी होती, एअर फोर्समधून आणलेली. त्या माणिकराव लावायचे. गनवाल्याचं चित्त ढळून चालत नाही, असं त्यांचं म्हणणं. महामायाच्या कानात आई कापूस कोंबून द्यायची.

नववीत असताना वर्गातल्या बाईंच्या ध्यानात आलं की डावीकडून हाक मारली तर ही पोरगी वळत नाही. तो कान गेला तो गेलाच. पुढं एक चांगलं स्थळ आलं होतं. त्यांना कुठून तरी कळलं, आणि मुलगी गुणाची आहे पण, असा निरोप आला. त्या 'पण'नंतर महामायानं स्वतःच तो विषय मिटवून टाकला.

तिला राग नव्हता असं नाही. पण कामाचा राग कधी आला नाही. रिव्हेट नीट बसली की तळहाताला कळायचं. धक्क्याची जातच बदलायची. बाप बाहेर, ती आत, मधे पत्रा, एकमेकांचं तोंड दिसायचं नाही, आणि तरी दोघं एकाच क्षणी थांबायचे. बापलेकीचं एवढं दुसऱ्या कशातच जमलं नाही.

शेपटी पुरी झाली. एका पंखाचा सांगाडा उभा राहिला. मग माणिकरावांच्या हातांना कंप सुटला आणि शेडला कुलूप लागलं. यंदाच्या संक्रांतीला मात्र महामायानं धीर करून विषय काढला होता. सुटीत आयटीआयच्या दोन मुली मदतीला घेते, पंख मी पुरा करते, तुम्ही खुर्ची टाकून बसा आणि चुकलं तिथं सांगा. "हाव, पाहू," असं माणिकराव टीव्हीकडे बघत म्हणाले होते. तिनं तो होकार धरला होता.

फोनवरचा तो पोरगा, शिवम, पुढच्या रविवारी आला. पांढरी गाडी गल्लीच्या तोंडाशी ठेवून चालत आला, बूट बाहेर काढले, आणि माणिकराव नको नको म्हणेपर्यंत वाकून त्यांच्या पाया पडला. सव्वीस-सत्तावीसचा, बोलायला मोकळा पोरगा. त्याला विमानातलं कळत होतं थोडं आणि शिकायचं होतं पुष्कळ, आणि यातलं काहीच तो लपवत नव्हता. महामायालाही तो वाईट वाटला नाही.

"गाव कोनतं तुमचं?" माणिकरावांनी विचारलं.

"रोहिणखेडच्या अलीकडे आमची शेती आहे, सर. पुंजाजी पाटलांचा नातू मी."

माणिकरावांनी त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं.

"ओळखता तुम्ही आजोबांना?"

"ओळखतो. माय होती माही तठीसा. तुमच्या वावरात."

"अरे वा! मग तर तुम्ही घरचेच झाले, सर," शिवम म्हणाला, आणि त्याला खरोखरच आनंद झाला होता.

तानाबाईचं, म्हणजे आपल्या आजीचं, महामायाला थोडंच माहीत होतं. पाटलाच्या वावरात आणि गोठ्यात तिचा जन्म गेला. बाबांनी एकदाच, महामायाची आई वारली त्या दिवसांत, सांगितलं होतं, की मायची भाकर घेऊन गेलो की वाड्याच्या भिंतीबाहेर उभं राहावं लागे, आणि पाणी मागितलं तर ओंजळीत वरून सोडत. पुंजाजी पाटील बाबांचं नाव घेत नसे. "ए तानीच्या," असं म्हणे.

"माया, चहा ठेव," माणिकराव म्हणाले. "नव्या कपबशा काढ त्या."

शिवमनं चहा घेतला. चांगला झाला म्हणून अर्धा कप आणखी मागून घेतला. तो पीत होता तोवर माणिकराव त्याच्याकडे नव्हते बघत, त्याच्या हातातल्या कपाकडे बघत होते. महामायानं ते पाहिलं.

मग शेड उघडलं. माणिकरावांच्या अंगात वीस वर्षांपूर्वीचा माणूस आला. पेटीतलं एकेक हत्यार ते थरथरत्या हातानं वर काढायचे, नाव सांगायचे, ते कुठं चुकतं आणि कसं सांभाळायचं ते सांगायचे. भोकांच्या कडा साफ करायची दांडी, पत्रे तात्पुरते एकत्र धरणाऱ्या स्प्रिंगच्या पिना, गनला लावायचे ठसे. शिवम प्रत्येक गोष्ट दोन्ही हातांनी घ्यायचा.

"एक मारून पाहू का, सर?"

दोन तुकडे जोडून शिकंज्यात लावले. कॉम्प्रेसर धडधडला. महामाया सवयीनं पत्र्यामागं जाऊन बसली आणि डॉली टेकवली. शिवमनं गन दाबली. ती घसरली, आणि रिव्हेटशेजारी पत्र्यावर चंद्रकोरीसारखा खड्डा पडला. रिव्हेट तिरकी बसली.

"वा!" माणिकराव म्हणाले. "पह्यल्याच बारीले इतकं येत नाही कोनाले."

महामाया पत्र्यामागून उठली. तिची डॉली सरकून अशी एक रिव्हेट बिघडली होती तेव्हा ती सहावीत होती. रडत रडत तिनं ती स्वतः ड्रिल मारून काढली होती, आणि बाप शेजारी उभा राहून एक शब्द बोलला नव्हता.

"मग सर, द्याल मला?" शिवमनं विचारलं. "तुम्ही म्हणाल ती किंमत."

"बाबा," महामाया म्हणाली, "आपलं बोलनं झालं होतं. पंखाचं."

"कोनतं बोलनं?"

"सुटीत पंख पुरा करायचं."

माणिकराव हसले. शिवमकडे बघून हसले. "हे पोट्टी म्हनते पंख पुरा करतो. एकटीच्यानं होते काय थे? डॉली धरता येते इले, तेवढंच. तुम्ही न्या, शिवमराव. अन् किमतीचं नाव काढू नोका. गावचं लेकरू तुम्ही, तुमच्यापासून पैसे घेऊ काय म्या?"

"नाही नाही सर, असं कसं?"

"घेतच नाही म्हनलं ना. नेऊन इमान उडवा. पाटलाले सांगजा, मानिकनं देल्ले म्हना. मानिकरावनं."

ते शेवटचं नाव त्यांनी जरा थांबून उच्चारलं.

शिवम दोन माणसं बोलावून पेटी, कॉम्प्रेसर, नळ्या गाडीत चढवायला लागला. महामायानं तेवढ्यात ती छोटी काटकोनी डॉली उचलून घेतली. "हे एक राहू द्या. माह्या हातची हाय."

"राहू द्या ना ताई, खुशाल राहू द्या," शिवम लगेच म्हणाला.

"नाही," माणिकराव म्हणाले. "सेट तोडू नाही. शेपटीत दुसरी डॉली पोहोचतच नाही. दे थे इकडे."

त्यांचा हात पुढं आलेला होता. महामायानं डॉली त्या हातात दिली नाही. पेटीत टाकली. पोलादावर पोलाद आपटल्याचा आवाज झाला आणि शिवम ओशाळून दुसरीकडे बघायला लागला.

गाडी गेल्यावर तिनं शेडला कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, डबा भरता भरता, तिला राहवलं नाही.

"मले विचारलं काऊन नाही, बाबा?"

"काय विचारायचं होतं? हत्यारं माही होती."

"अन् कान?"

माणिकरावांनी मान खाली घातली. मग एकदम चढ्या आवाजात म्हणाले, "तुले नाही समजायचं थे. पुंजाजी पाटलाचा नातू माह्या घरी बूट काढून आला. पाया पडला माह्या. सर म्हने मले, सर! माही माय राह्यली असती अन् तिनं पाह्यलं असतं तं..."

"पाया पडला म्हनून देऊन टाकलं समदं?"

"देल्लं! त्याहीनं आम्हाले देल्लं आजपर्यंत. शिळं देल्लं, उष्टं देल्लं, जुनं लुगडं देल्लं. आता म्या देल्लं त्याहीले. घ्या म्हनलं, पैसेबी नोको तुमचे. जनमभर वाट पाह्यली म्या असं म्हनाची."

महामायानं डब्याचं झाकण लावलं. बापाचं म्हणणं तिला कळत नव्हतं असं नव्हतं. नीट कळत होतं, आणि म्हणूनच तिचा संताप जास्त होत होता. "हाव," ती म्हणाली, "पन तुम्ही थे माह्या हातातलं काढून देल्लं."

महिनाभरानं शिवम स्वतः आमंत्रण घेऊन आला. शेतावर त्यानं मोठं शेड बांधलं होतं, त्याचं उद्घाटन होतं. आमदार येणार होते. माणिकरावांचा सत्कार ठेवला होता. माणिकरावांनी एअर फोर्सचा जुना कोट धुवायला टाकला, इस्त्री करून आणला, आणि दाढी करायला न्हाव्याला घरी बोलावलं, कारण आपल्या हातानं करवत नव्हती. महामाया जाणार नव्हती. पण बसमध्ये चढताना-उतरताना त्यांना एकट्याला सोडवेना. मोताळ्यापर्यंत बस, तिथून शिवमनं पाठवलेली गाडी.

शेतात मांडव होता, कर्णे होते, शिवमचे आणि आमदारांचे फ्लेक्स होते. शेडच्या दारात टेबलावर लाल कापड अंथरून हत्यारं मांडलेली होती आणि त्यांना झेंडूची माळ घातली होती. कोणतं हत्यार कशाचं ते कुणालाच माहीत नव्हतं. लोक गन हातात घेऊन फोटो काढत होते. मंचावर गर्दी फार असल्यामुळे माणिकरावांची खुर्ची खाली पहिल्या रांगेत होती, आणि तिच्या शेजारी महामायाची. नाव पुकारल्यावर ते वर गेले, शाल घेतली, नारळ घेतला, पुंजाजी पाटलाला हात जोडले, फोटोसाठी थांबले आणि खाली येऊन बसले. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता.

मग पुंजाजी पाटलाच्या हातात माइक दिला. नव्वदीला टेकलेला माणूस, पण आवाज अजून वावराच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर जाईल असा.

"हा आता शाल घेऊन गेला थो मानिक," पाटील म्हणाला. "आमच्या तानीचा पोरगा. तानी आमच्या गोठ्यातलं शेन काढे. लय इमानदार बाई. आमच्या घरचं खाऊन हे लेकरू मोठं झालं, इमानाच्या फौजेत गेलं. अन् पाहा, इसरलं नाही. खाल्ल्या मिठाले जागलं. एवढी महागाची हत्यारं आमच्या शिवमले आनून देल्ली अन् पैसा घेतला नाही. अशी मानसं आता राह्यली नाहीत बाप्पा! आताचे समदे हक्क मांगतात."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमदारांनीही वाजवल्या. शिवम मंचाच्या कडेला उभा होता; तो माइककडे दोन पावलं आला, आणि कुणीतरी त्याच्या कानाशी लागलं म्हणून थांबला, आणि तिथंच राहिला.

माणिकराव महामायाच्या उजव्या, चांगल्या कानाकडे झुकले. "काय म्हने पाटील? मले नीट समजलं नाही. कर्ना फाटून राह्यला."

कर्णा फाटत नव्हता. पण त्या क्षणी हे महामायाच्या ध्यानात आलं नाही. त्यांना बरं वाटेल असं तिच्या ओठांवर आलंच होतं, की तुमचं नाव घेतलं, मोठा माणूस म्हणाले. तेवढ्यात टेबलाजवळ कुणी पोरानं डॉली उचलून दुसऱ्या पोराला मारायचं सोंग केलं, आणि दोघं हसले.

"आमच्या तानीचा पोरगा म्हने," महामाया म्हणाली. "तानी शेन काढे म्हने गोठ्यातलं. आमचं खाऊन मोठं झालं, खाल्ल्या मिठाले जागलं म्हने. म्हनून हत्यारं फुकट आनून देल्ली. बाकीचे हक्क मांगतात, हा नाही मांगत."

एक शब्द तिनं गाळला नाही. बोलत असताना तिला बरंही वाटत होतं.

माणिकराव समोर बघत होते. शालीची घडी मांडीवर होती, तिच्यावर दोन्ही हात होते.

"हाव," ते म्हणाले. "ऐकलं होतं म्या."

जेवण सगळ्यांचं एकाच पंगतीत होतं. कुणी कुणाला वेगळं बसवलं नाही. शिवमच्या आईनं, आशाबाईंनी, स्वतः येऊन माणिकरावांच्या ताटात आग्रहानं जिलेबी वाढली. त्यांनी ती खाल्ली. पाटलानं दुरूनच हात वर करून, "मानिक, येत जा रे," म्हटलं. त्यांनी मान हलवली.

परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून ते बराच वेळ बाहेर बघत होते. मलकापूर जवळ आलं तेव्हा म्हणाले, "तुनं दुसरं काई सांगतलं असतं तं चाललं असतं, माया."

"तुम्हीबी दुसरं काई केलं असतं तं चाललं असतं," ती म्हणाली.

स्टँडवर उतरताना तिनं हात पुढं केला. त्यांनी दांडा धरला, आणि एकटेच उतरले.

कोट त्या दिवशी पेटीत गेला. माणिकराव शेडकडे फिरकेनासे झाले. पूर्वी सकाळचा चहा झाला की शेडच्या दाराशी जाऊन उगाच कुलूप हलवून यायचे. ते बंद झालं. घराच्या दारापुढं खुर्ची टाकून बसत. गल्लीतलं कुणी बोललं तर बोलत, नाहीतर नाही.

शिवम पुढं कधीतरी आयटीआयच्या फाटकाशी आला. महामाया सुटीच्या वेळी बाहेर पडली तर तो गाडीला टेकून उभा.

"ताई, आजोबा जुन्या वळणाचे आहेत. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं."

"माइक तुमच्यापासून दोन पावलांवर होता," ती म्हणाली.

मग त्यानं खरं काम सांगितलं. रिव्हेट बसत नव्हत्या. माणसं ठेवून पाहिली, दोन पत्रे वाया गेले, परदेशातून पुन्हा मागवावे लागले. शेपटीत कुणाचा हात नीट चालेना. "रविवारी तुम्ही आलात तर... तुमच्याशिवाय जिल्ह्यात कुणाला येत नाही हे."

हे मात्र खरं होतं. आणि हेही खरं होतं की ती हत्यारं पुन्हा हातात घ्यायची तर महामायाला दुसरी जागा नव्हती. तिच्या मनात आलं, नाही म्हणावं. एकदा तरी त्यांच्या तोंडावर नाही म्हणावं. ते म्हणायला कसं वाटेल याची चव तिनं मनातल्या मनात घेऊनही पाहिली. मग सुटीचे दोन महिने तिच्या डोळ्यांपुढं आले, हत्यारांवाचून पडलेलं शेड, आणि दारातली खुर्ची.

"गन माह्या हातात राहील," ती म्हणाली. "डॉली तुम्ही धरायची. आत तुम्ही जायचं. अन् दोघांच्याबी कानांवर वाट्या पाह्यजेत, चांगल्या, नव्या. म्या वाईट म्हनलं थे रिव्हेट काढायची, वाद घालायचा नाही."

"मंजूर," शिवम म्हणाला. इतक्या चटकन म्हणाला की आणखी काही तरी मागायला हवं होतं असं तिला वाटून गेलं. पण काय, ते सुचलं नाही.

पहिल्या रविवारी ती गेली तेव्हा पुंजाजी पाटील शेडच्या सावलीत बाजेवर पडला होता. पावलांचा आवाज ऐकून त्यानं मान वळवली.

"कोन व्हय?"

"मानिकरावांची पोरगी."

"तानीची नात!" म्हातारा खूश झाला. "कामाले आली काय?"

तिला एवढं साधं उत्तर देता आलं असतं, की नाही, शिकवायला आले. वाटेत तिनं काय काय ठरवलं होतं. पण पाटील वाईट बोलला नव्हता, त्यानं नुसतं विचारलं होतं, आणि आत कॉम्प्रेसरची हवा भरत होती.

"हाव," ती म्हणाली, "कामाले आली," आणि आत गेली.

तो शब्द तिला दिवसभर सलत राहिला. पण काम चांगलं झालं. शिवम शेपटीच्या पोकळीत पालथा शिरला, घामानं निथळला, दोनदा त्याची डॉली सरकली आणि दोन्ही वेळा तिनं ती रिव्हेट काढायला लावली. त्यानं काढली. तिसऱ्या वेळी ठोके नीट पडले. तिच्या मनगटापर्यंत ते कळलं. ती बाहेर उभी होती, उजेडात. असं बाहेर उभं राहून बाबांना कसं वाटत असेल ते तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आणि कळून तिला अधिकच वाईट वाटलं.

संध्याकाळी घरी आली तर माणिकराव दारातच होते. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा खुर्चीत सरळ बसले होते.

"कोठवर आलं?" त्यांनी विचारलं. "शेपटीचा खालचा पत्रा चढला काय? कोपऱ्यातल्या रिव्हेटी कशा मारल्या तुनं? तठीसा गन तिरपी धरा लागते."

ती हातपाय धुवायला मोरीत गेली. बऱ्याच वेळानं बाहेर आली, गॅस पेटवला.

"माया, कोपऱ्यातल्या कशा मारल्या?"

"भाजी कोनती करू?" तिनं विचारलं.

पुढच्या रविवारी त्यांनी पुन्हा विचारलं. त्याच्या पुढच्या रविवारीही. शिवमच्या विमानाच्या पंखाचं काम सुरू झाल्याचं त्यांना त्याच्या फोनवरून कळलं, तेव्हा तर ते तिची वाट बघत गल्लीच्या तोंडापर्यंत काठी टेकत आले होते. ती त्यांना हाताला धरून घरी घेऊन आली, खुर्चीत बसवलं, पाणी दिलं, गोळी दिली, आणि भाजी कोणती करू ते विचारलं.